कासारापुढं धरलेला हात

माझा एक्स-रे स्वच्छ निघाला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लोक रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाला नवस बोलतात, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या काळ्या फिल्मला शिव्या घालत होते. एखादी बारीकशी चीर, थोडीशी झीज, काहीतरी दिसावं की नाही? डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "मॅडम, एकदम ओके. टेन्शन घेऊ नका." सोबत आलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. "बघ, म्हणलं व्हतं की न्हाय?" म्हणाले आणि मोटारसायकल काढायला गेले.

मी बेंबळीत शाळेवर शिकवते. ह्यांचं खताबियाण्याचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, लेक पुण्याला. दुखणं नेमकं कुठं आहे असं कुणी विचारलं की मला सांगता यायचं नाही, हीच मोठी पंचाईत. मान, खांदे, कोपर, पाठ, मांड्या. आज इथं, उद्या तिथं, आणि काही दिवस सगळीकडंच. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की खांद्यातून कळ निघायची. ब्लाउजची शिवण टोचायची. एखादी मैत्रीण मागून येऊन "काय बाई, कशा?" म्हणत पाठीवर थाप मारायची आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मी हसून "बरी आहे" म्हणायचे. काय सांगणार? सूज नाही, जखम नाही, ताप नाही.

घरात ह्यावर एक वाक्य ठरलेलं होतं. "हिचं रोजचंच हाय." सासूबाई म्हणायच्या, हे म्हणायचे, लेक फोनवर म्हणायचा. त्यात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. दूधवाला आला, पेपर आला, हिचं दुखणं आलं, इतकंच. राग असता तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण ह्या वाक्याशी भांडायचं कसं?

माझी धाकटी जाऊ तेरला राहते. ती न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. अख्खी गल्ली तिला बघायला लोटली. कुणी शिरा आणला, कुणी शहाळी. आमचे हे तर द्राक्षांची पेटी घेऊन गेले. मीही गेले, तिच्या घरच्या सगळ्यांच्या भाकरी थापून आले. आणि खरं सांगते, त्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरचा मला हेवा वाटला. मोडकं मनगट, पण सगळ्यांना दिसणारं! येताना मोटारसायकलवर मागं बसून मी रडले. ह्यांना वाटलं, वाऱ्यानं डोळ्यांत कचरा गेला.

मला गोळ्या नको होत्या, गोळ्यांची पिशवी भरली होती. मला एकच पाहिजे होतं. ह्यांनी एकदा, दुसऱ्या माणसापुढं, तोंड उघडून म्हणावं, "हिला दुखतं."

मग धाराशिवच्या एका दवाखान्यात मला सांगितलं की इथं एक मुलगी आहे, ती दुखणं मोजते. मोजते! मी दोनदा विचारलं. फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेणारी बाहेरगावची पोरगी होती. माझ्यासारख्या, अंगभर दुखणाऱ्या बायकांचा ती अभ्यास करत होती. सोबत काहीच न दुखणाऱ्या बायकाही मोजत होती, म्हणजे फरक कळावा. मला वाटलं, आता आकडा हातात येणार. आकड्याला कोण रोजचंच म्हणतंय बघू.

तिची खोली म्हणजे पडद्यानं अर्धी केलेली खोली. बाहेर बाकावर आम्ही बायका. कुणी सास्तूरहून आलेली, कुणी धाराशिवातलीच. तिचं मशीन हातात मावेल एवढं होतं. पुढं शर्टाच्या बटणाएवढा गोल रबर, मागं आकडे दाखवणारी छोटी काच. ती म्हणाली, "काकू, मी हा रबर ठेवून हळूहळू दाबत जाणार. आधी नुसता दाब जाणवेल. तो ज्या क्षणी दुखायला लागेल, त्या क्षणी 'थांबा' म्हणायचं. सोसायचं नाही हं. तुम्ही किती सोसता ते मला नकोय. दुखायला कधी लागतं, तेवढंच हवंय. कळलं?"

"कळलं की," मी म्हणाले. "मी मास्तरीण आहे, बाई."

तिनं माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसल जागी रबर ठेवला आणि दाबायला लागली. दुखायला लागलं. लगेचच लागलं. थांबा म्हणायचं मला माहीत होतं, शब्द तोंडात तयार होता, पण ओठ उघडेनात. एवढ्यात कसं म्हणायचं? पोरगी काय म्हणेल, टेकवलं नाही तोवर कोकलली! पडदा थोडा सरकलेला होता. त्या फटीतून सास्तूरची बाई डोकावत होती. ती बाकीच्यांना म्हणाली, "लई धीराच्या हायत बाई." झालं! मी आणखीच दात आवळले. खांद्यावर दाबलं, कोपराखाली दाबलं, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं तेव्हा कुठं माझ्या तोंडून थांबा निघायचं.

पोरीनं आकडे लिहून घेतले. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "काकू, तुमचे आकडे चांगलेच वर आहेत. माझ्यापेक्षाही जास्त."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दाबानं तुम्हाला लवकर दुखत नाही. ज्यांना काहीच त्रास नाही अशा बायकांसारखंच आलंय."

मला वाटलं होतं, माझ्या बाजूनं बोलणारं एक तरी कुणी भेटेल. मशीनही ह्यांच्याच बाजूचं निघालं. बाहेर हे शेंगा सोलत उभे होते. "काय निघालं?"

"काही नाही निघालं."

"मग बरंच हाय की," म्हणाले आणि मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या. मी घेतल्या. घेऊन काय करणार होते?

त्या आठवड्यात मी कुणाशी नीट बोलले नाही. घरात माणसं होती, शाळेत पोरांचा कालवा होता आणि मला वाटायचं, मी एका बंद काचेच्या आड बसलेय. सगळ्यात वाईट म्हणजे माझा माझ्यावरचाच विश्वास उडायला लागला. खांद्यात कळ आली की मीच मनात म्हणायचे, मोजलंय ना? काही नाही तिथं. उगं नाटकं करू नको.

पोरीनं मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी करायची असते असं सांगितलं होतं. जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण पुढच्या आठवड्यात ह्यांना मालासाठी धाराशिवला जायचंच होतं. मला दवाखान्याच्या दारात सोडून ते आडत बाजाराकडं गेले.

माझ्या आधी एक म्हातारी आत गेली. पडदा तसाच सरकलेला. म्हातारी खुर्चीत बसली आणि पोरीनं नुसतं "हात द्या आजी" म्हणताच तिनं हात पुढं केला. अंगठा आत तळव्यात दुमडलेला, चारही बोटं एकमेकांना चिकटवून निमुळती केलेली, मान दुसरीकडं वळवलेली. बाकावरून सास्तूरची बाई तिला धीर देत होती, "झालंच आता, सोस. तोंड मिटून घे." पोरगी दाबत होती आणि म्हातारी ओठ गच्च मिटून छताकडं बघत होती.

अगं बाई! मी माझ्या मांडीवरच्या हाताकडं पाहिलं. माझाही अंगठा आत गेला होता.

हा हात मला चांगला माहीत होता. बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण आमच्याकडं पोरीच्या जातीला पहिला धडा कासार देतो. लग्न असो, पंचमी असो, कासार ओसरीवर बसला की घरातल्या बायका एकेक करून त्याच्यापुढं हात धरतात. तो अंगठा आत दुमडतो, बोटांची हाडं दाबून दाबून हात बारीक करतो आणि काचेची बांगडी चढवतो. बांगडी जितकी लहान, तितकं कौतुक. मी सात-आठ वर्षांची असताना कळवळून ओरडले होते, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. "कासाराम्होरं वरडायचं न्हाय. हात ढिला सोड अन् तोंड मीट." मग मी शिकले. इतकी शिकले की लग्नात माझ्या मापाची बांगडी बघून सासरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं होतं. कुणी हात धरून दाबायला लागलं की तोंड मिटायचं, हे आमच्या अंगातच मुरलं आहे. ती बिचारी पोरगी मराठीत सांगत होती, सोसू नका. आमचे हात तिचं ऐकत नव्हते.

मी पडदा सारून आत घुसले. "ए बाई, थांब! तू आमचं दुखणं मोजतच नाहीयेस."

पोरगी घाबरली. मी तिला कासार सांगितला, माप सांगितलं, आईचा धपाटा सांगितला. म्हातारी मान डोलवत म्हणाली, "व्हय माय, म्या बी तसंच धरला की हात." पोरगी आधी हसली. मग म्हणाली, "काकू, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. आता काय करायचं?"

"हात सोड आणि खांदा, पाठ घे," मी म्हणाले. "आणि त्या बाकावरच्या बायांना बाहेर काढ. एकमेकींच्या देखत आम्ही मेलो तरी बोलायचो नाही." मग मला एकदम सुचलं. "अजून एक कर. आमचे हे येतील आता. त्यांना आत बोलव. मशीन त्यांच्या हातात दे."

हे आले ते हातात पावत्या, कपाळावर घाम. पोरीनं आधी त्यांच्याच खांद्यावर रबर ठेवला. "दाबा की," हे हसत होते. "वावरात राबलेलं अंग हाय हे." बऱ्याच वेळानं "बास, बास" म्हणाले. पोरीनं त्यांना काचेवरचा आकडा दाखवला. मग मशीन त्यांच्या हातात देऊन, कसं धरायचं, किती सावकाश दाबायचं ते शिकवलं आणि माझ्या खांद्यावर ठेवायला सांगितलं.

मी डोळे मिटले. दोन्ही हात पदराखाली घेतले आणि अंगठे मुद्दाम बाहेर काढले.

"थांबा."

"अगं, अजून नुसतं टेकवलंय."

"थांबा म्हटलं ना!"

त्यांना वाटलं मी चिडून मुद्दाम करतेय. पोरगी शांतपणे म्हणाली, "काका, आकडा बघा. आता दुसरी बाजू." दुसऱ्या बाजूला ठेवलं. ह्या वेळी त्यांनी फारच सावकाश दाबलं, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "थांबा," मी म्हणाले आणि माझा आवाज फाटला. मी डोळे उघडले. हे काचेकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा काचेकडं. पोरगी म्हणाली, आता पाठीवर एकदा. ह्यांनी मान हलवली, "नको." मशीन टेबलावर हळूच ठेवलं आणि हात पँटला पुसला.

पोरगी आम्हा दोघांना समजावत होती, "दुखतं म्हणजे आत काही मोडतंय असं नाही. शरीराची दुखण्याची घंटा फार लवकर वाजते, एवढंच. चालायचं, शेकायचं, थोडा थोडा व्यायाम करायचा. आणि काका, हात लावायला घाबरू नका." मी ऐकत होते. ह्यांचं लक्ष मशीनकडंच होतं.

येताना प्रत्येक गतिरोधकावर मोटारसायकल अगदी सावकाश चढली आणि सावकाश उतरली. घरी चहा घेताना हे सासूबाईंना म्हणाले, "आई, हिला दुखतं. खरंच दुखतं. म्या सोता बघितलं." मी आत पीठ चाळत होते. चाळणी तशीच ठेवली आणि पदर तोंडात धरून रडले. इतका आनंद मला लेक झाला तेव्हाही झाला नसेल. सासूबाई "आता गं बया" म्हणाल्या.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

ह्यांनी माझी कॉट भिंतीकडं सरकवली, स्वतःची खिडकीकडं. "झोपेत धक्का लागंल तुला." धाराशिवला जाताना मोटारसायकलवर मागं बसवणं बंद. "रस्ता खराब हाय, तू एसटीनं जा." मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून किती वर्षं त्या रस्त्यानं गेले होते! आता मी एसटीच्या खिडकीतून बघायचे, हे मोटारसायकलवर एकटेच पुढं निघून गेलेले असायचे. सासूबाई दर रविवारी माझ्या डोक्याला तेल लावायच्या. बोटं चांगली खरखरीत, वर तोंडाचा पट्टा चालूच, तुझ्या केसांत काही राम राहिला नाही म्हणून. ते तेलही बंद झालं. "नगं माय, तुला दुखंल." बाटली माझ्यापुढं ठेवून त्या उठून जायच्या. शाळेत बातमी पोचली तशी पाठीवरची थापही थांबली. लेक दिवाळीला आला, दुरूनच वाकून पाया पडला आणि जाताना मिठीसुद्धा मारली नाही. "आई, पप्पांनी सांगितलंय."

सगळ्यांनी मानलं होतं. कुणी चेष्टा करत नव्हतं, कुणी रोजचंच म्हणत नव्हतं. आणि माझ्या अंगाला दिवसच्या दिवस कुणाचा हात लागत नव्हता. पोरीला जाऊन सांगावं म्हणून मी एकदा धाराशिवला गेले. तिचा अभ्यास संपला होता, ती आपल्या गावी गेली होती. पडद्याआड दुसराच कुणी होता. परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती, त्यावर मी पर्स ठेवली आणि पर्सवर हात ठेवून बसले. मग हुंदका आला तो बेंबळीपर्यंत थांबला नाही.

वैशाखात धाकट्या जावेच्या पोरीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी तेरला त्यांच्या ओसरीवर कासारमामा सतरंजी टाकून बसले. नवरीचा हिरवा चुडा भरून झाला. त्यानंतर मान थोरलीचा, म्हणजे माझा. मी जाऊन पुढ्यात बसले. हे मांडवात खुर्च्या लावत होते. हातात एक खुर्ची तशीच धरून दारात आले आणि मोठ्यानं म्हणाले, "मामा, हिला भरू नगा. हिला दुखतं."

सगळ्या बायकांनी ऐकलं. कासारानं ऐकलं. माझ्या माहेरची माणसं होती, त्यांनी ऐकलं. ज्या वाक्यासाठी मी इतकी वर्षं तळमळले, ते वाक्य भर ओसरीत, माणसांपुढं, आणि तेही किती मायेनं बोलले ते! जाऊबाई लगबगीनं कागदात गुंडाळलेल्या बांगड्या घेऊन आली. "ताई, ह्या मोठ्या मापाच्या आहेत, सैल. घरी गेल्यावर सावकाश घाला." बायका माझ्यासाठी सरकल्या. नको इतक्या सरकल्या. कासारमामांची नजर माझ्यावरून पुढच्या बाईकडं गेली. भरल्या ओसरीत माझा हात माझ्याच मांडीवर पडून होता.

"मामा, भरा," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

त्यांनी दाराकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघता? हात माझा आहे."

त्यांनी माझा हात धरला. किती दिवसांनी कुणीतरी माझा हात घट्ट धरला होता! अंगठा आत दुमडला, हाडांवर दाब दिला, आणि पहिली बांगडी बोटांच्या पेरांवर चढली तशी माझ्या डोक्यापर्यंत कळ गेली.

"आई गं!" मी ओरडले. चांगली मोठ्यानं ओरडले.

पन्नाशीची बाई कासारापुढं ओरडते, हे तिथं कुणी कधी पाहिलं नव्हतं. कासारमामांचा हात जागीच थांबला. "थांबू का, बाई?" हे दोन पावलं पुढं आले.

"थांबू नका," मी म्हणाले. "दुखतंय म्हणून सांगितलं. थांबा म्हणाले का मी?"

कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला, "वरडू दे तिला. तुमी भरा."

मग ते भरत गेले आणि मी सांगत गेले. दुखतंय. लई दुखतंय. आई गं, मेले. भरा. नवरीला हसू आवरेना, जाऊबाईनं डोळ्यांना पदर लावला. दोन्ही हात भरून झाले. मी कासारमामांना नमस्कार केला आणि उठायला गेले, तर गुडघे धरलेले. हे खुर्ची हातात घेऊन अजून तिथंच उभे होते.

"अहो, उठवा मला."

"दुखंल तुला."

"दुखू द्या. धरा."

त्यांनी खुर्ची खाली ठेवली, हात पँटला पुसला आणि माझा हात धरला. दुखलं. मी तसं सांगितलं, आणि त्यांनी सोडला नाही.